गावाच्या नावावरचं घर

८ नोव्हेंबर १९८१

जेवायच्या सुट्टीत नायर काट्यापाशी आला. बाजाराच्या ऑफिसात टायपिस्ट, त्यामुळं बातमी त्याला आधी. बाजारात काम करणाऱ्यांसाठी खाडीच्या या बाजूला घरं निघालीत. माणशी एक अर्ज. त्यानं स्वतःचा भरून टाकला पण. माझ्या हातात कोरा फॉर्म. 'लिख डाल बाळू, सोचने का नहीं.'

लिहिला. कांद्याच्या गोणीवर ठेवून, त्याच्याच पेनानं. मापाड्याचं अक्षर म्हणून कुणी नाव ठेवू नये इतकं स्वच्छ. कुटुंबातील माणसं: सुमन, पत्नी. नंदा, मुलगी, वय साडेचार.

बाजार मुंबईतनं इकडं आला, आम्ही गावचे बारा जण मात्र अजून मुंबईतच झोपतो, गावकीच्या गाळ्यात, एका खोलीत. रोज पुलावरनं ये-जा. सुमनला आजच पत्र टाकलं. नंदी पहिलीला बसेल ती इकडंच, असं लिहून टाकलं. घाई केली का? केली तर केली.

२२ नोव्हेंबर

गाळ्यात बैठक. गावकीचा विषय म्हणून आंघोळ करून सगळे वेळेवर.

आण्णा बोलले. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ, हमालांच्या टोळीचे मुकादम, गाळ्याचे कारभारी. आपल्यातल्या आठ जणांनी वेगवेगळे अर्ज केलेत, हे बरं दिसत नाही म्हणाले. 'अरं, हा गाळा माझ्या बापाच्या नावावर. चाळीस वर्षं झाली. कुणी कधी माझा म्हनला का? तसंच तिकडं करू. गावाचं एक घर घेऊ, नाव माझं लावू. घर ज्याचं त्याचं झालं की बायका येतील. बायका आल्या की गाव मोडलं.'

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी नाही. मी म्हणालो, आण्णा, माझ्या पोरीची शाळा. तर मला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'बाळू, तुला शब्द देतो. आतली खोली तुझी. नंदी माझी नात न्हाई का?'

हो म्हणालो. 

२९ नोव्हेंबर

आठ पत्रं लिहिली, अर्ज मागं घेतो म्हणून. सगळ्यांत बरं अक्षर माझं, म्हणून मलाच बसवलं. 'मी माझ्या खुशीने' हे वाक्य आठ वेळा. आठवं माझं स्वतःचं. आण्णांनी सगळी घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली.

नायरला सांगितलं. टाइप करता करता थांबला. 'तेरा भी?' माझं पण. परत टाइप करायला लागला. मला वाटलं, या मद्रासी लोकांना गाव म्हणजे काय कळणार. (तो मद्रासी नाही, केरळचा आहे. शंभर वेळा सांगून दमला बिचारा.)

१७ ऑगस्ट १९८२

किल्ली मिळाली! तिसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोरी, घरातच नळ. मुंबईतला गाळा भाड्याचाच, तो मालकाला परत दिला. ट्रंका, देवीचा फोटो, मोठं पातेलं, सगळं टेम्पोतून आणलं. आण्णांनी नारळ फोडला. खुंट्या मी ठोकल्या, बारा. आतल्या खोलीत एक जास्तीची ठोकली, खाली, नंदीच्या हाताला येईल अशी.

नायरला शेजारच्याच बिल्डिंगीत मिळालं. तो राहायला आलाय, बायको अजून सामान लावते आहे.

५ सप्टेंबर

गंमत झाली. कुठल्याशा कॉलेजातली एक बाई फॉर्म घेऊन आली. बाहेरून आलेल्या दोन प्रकारच्या लोकांची तुलना करायची म्हणे, आम्ही सातारकडचे आणि नायरचे केरळवाले. कोण किती पुढं गेलं, का गेलं.

नायर आणि मी एकाच वर्षी मुंबईत आलो. तेही सहा जण एका खोलीत, पाळीपाळीनं झोपायचे. आम्हीही. बाईला हेच आवडलं, सारखं लिहून घेत होती.

नायरचा फॉर्म दहा मिनिटांत झाला. घर कोणाच्या नावावर: स्वतःच्या. पत्नी: नर्स, हॉस्पिटलात. बहीण: शॉर्टहँड शिकते, इथंच राहते.

माझा तासभर चालला. घर कोणाच्या नावावर? म्हटलं, गावाच्या. 'असा कॉलम नाही हो.' मग कागदावर आण्णांचं, पण गावाचं. 'मग मालक कोण?' सगळे. 'पत्नी काय करते?' भात लावते, म्हैस बघते, सासूचं करते. 'म्हणजे काही करत नाही, असं लिहू?' मी म्हटलं, बाई, तुम्ही एकदा चार दिवस तिच्याबरोबर शेतात राहा, मग लिहा.

हसली. चांगली होती. पण शेवटी काय लिहिलं ते दाखवलं नाही.

१९ सप्टेंबर

नायरच्या घरी चहा. गॅस आहे. खिडकीला पडदा. बायको ड्यूटीवर, बहिणीनं केला. पोरगा भिंतीवर खडूनं इंग्रजी अक्षरं काढतो, कुणी ओरडत नाही.

जळफळाट झाला, खोटं कशाला लिहू. सहा जणांच्या खोलीतनं हा इथं आला. आम्ही बाराच्या गाळ्यातनं बाराच्या घरात.

मग त्याच्या वडलांचं निघालं. गेल्या वर्षी गेले. तार मिळाली तोवर सगळं उरकलं होतं. 'दो रात का गाड़ी है, बाळू. तेरा गाव तो आठ घंटे पे.' डोळे पुसले त्यानं. मी चहा तसाच ठेवून बसलो. आमच्यात कुणी गेलं तर बाराच्या बारा जण एसटीत बसतात, हेही खरंच. बाईच्या फॉर्मात याला कॉलम होता का, आठवत नाही.

३१ ऑक्टोबर

आण्णांची बायको आणि मुलगा-सून आले गावाकडनं. चार दिवसांसाठी, दाताच्या डॉक्टरला दाखवायला. आतली खोली त्यांना दिली. आम्ही बाहेरच्या खोलीत दाटीवाटीनं. पाहुणे आहेत, चालायचंच.

२८ नोव्हेंबर

दात कधीच काढून झाला.

सून स्वयंपाकघरात डबे लावते आहे. नवे डबे. नावं टाकलीत डब्यांवर.

१२ डिसेंबर

विचारलं. सगळ्यांच्या वतीनं मीच. आण्णा, पाहुणे कधी जाणार?

'पाहुणं कोन?'

घरातली बाई माणसं आहेत, म्हणाले, तुम्ही दहा-अकरा बापे इथं, बरं दिसतं का. महिनाअखेर ज्यानं त्यानं आपली सोय बघावी. मी म्हटलं, आण्णा, बायका आल्या की गाव मोडतं म्हणालात ना? तर मुलगाच उठला अंगावर. 'घर आण्णांच्या नावावर हाय. कागद बघायचा का?'

शब्दाची आठवण दिली. आतली खोली. नंदी. आण्णांनी माझ्याकडं बघितलं पण नाही, बंडीची बटणं लावत राहिले.

 पुढं लिहवत नाही.

२ जानेवारी १९८३

ट्रंक घेऊन तुर्भे गावात आलो. खोली नाही, पडवीतला कोपरा. घरवाली म्हातारी इथलीच, सरळ माणूस. 'बायको हाय ना? मंग आन की तिला. येकटा कशाला ऱ्हातंस?' काय सांगू हिला.

बाकीचे बाजारातच फलाटावर पसरतात. देवीचा फोटो कुणी आणला नाही. तिथंच राहिला.

सुमनला लिहिलं: सर्व ठीक, घर छान आहे.

२० जानेवारी

घरांच्या ऑफिसात गेलो, अर्धी सुट्टी टाकून. माझा अर्ज पुन्हा चालू करता येईल का विचारलं. कारकुनानं फाईल काढली, वागायला बरा होता. माझं पत्र पुढं ठेवलं.

'अक्षर कुणाचं?' माझं.
'सही?' माझी.
'मग?'

मागं घेतलेला अर्ज पुन्हा घेता येत नाही. पुढची यादी निघेल तेव्हा नवा करा. कधी निघेल? सांगता येत नाही.

आण्णांच्या अर्जावर कुटुंबात कोण कोण, एवढं बघू द्या म्हटलं. दाखवायला नको होतं त्यानं. दाखवलं. पत्नी, मुलगा, सून. तारीख २३ नोव्हेंबर. म्हणजे बैठकीच्या दुसऱ्या दिवशी! माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी. नंदी माझी नात न्हाई का, म्हणे.

केसानं गळा कापला माझा. आणि कागद मी लिहून दिला, स्वच्छ अक्षरात.

अजून एक. तो अर्ज हातानं लिहिलेला नाही. टाइप केलेला आहे.

२१ जानेवारी

नायरला गाठलं. तू टाइप केलास? हो म्हणाला, लगेच. लपवलं पण नाही.

'तुला दिसलं नाही त्यात काय आहे? मी त्याच्या पुढच्याच आठवड्यात तुझ्याशी बोललो, माझं पत्र जातंय म्हटलं, तू गप्प बसलास?'

'बाळू, मुझे लगा तुम लोग का अंदर का मामला है. तुम्हारा गाव का बात तुम लोग को मालूम. मैं बाहर का आदमी, कैसे बोलूं?'

बाहेरचा! अरे, मग पेन कशाला दिलंस पहिल्या दिवशी?

सुट्टीभर तो काट्यापाशी उभा राहिला. मी वजनं घेत राहिलो. सगळ्यांत वाईट हे की त्याचं म्हणणं मला कळलं. मी तरी त्याला कुठं आतला मानला होता.

१३ फेब्रुवारी

बाजारातच बैठक बोलावली. मी बोलावली, म्हणून सातच आले. अर्जाची तारीख सांगितली. म्हटलं, सगळे मिळून आण्णांना विचारू. पोलीस नको, कोर्ट नको, गावकीनं विचारायचं.

 शेवटी शंकरतात्या बोलले, आमच्यातले वयानं मोठे. 'टोळीत कुनाला घ्यायचं ते आन्ना ठरवतो, बाळू. तुझा काटा हाय, तुला काय. आमचं पाठीवरचं काम.'

मग हळूच म्हणाले, 'आन् आपलाच मानूस हाय रं.'

हे ऐकून मात्र डोकं फिरलं. आपलाच आहे म्हणून तर! नायरनं फसवलं असतं तर तुम्ही सगळे काठ्या घेऊन निघाला असता. तोंडावर बोललो. सगळे उठून गेले.

२४ एप्रिल

गावची जत्रा. सगळे गेले, आण्णासुद्धा. ऐकलं की पालखीला पहिला खांदा त्यांचाच होता. मी गेलो नाही. लग्नानंतर पहिल्यांदा.

सुमनला कळवलं, कामाची गर्दी आहे. कांद्याचा हंगाम आहे, अगदीच खोटं नाही.

११ मे

सुमनचं पत्र. जत्रेत शंकरतात्यांनी सगळं सांगितलं तिला. तिचंच वाक्य उतरवून ठेवतो:

'आण्णांनी तुम्हाला फसवलं ते फसवलं. पण त्या अर्जात माझं नाव होतं, नंदीचं होतं. ते मागं घेताना आम्हाला विचारलं का? आणि जानेवारीत घर छान आहे असं लिहिलं, ते कुणाचं?'

तीनदा वाचलं. आण्णांना इतके महिने शिव्या देतोय. आता तोंड नाही उरलं.

खाली लिहिलंय: नंदीचा जन्माचा दाखला काढला. ५ जूनला येते. नेहमीच्या एसटीनं.

१४ मे

येऊ नको म्हणून पत्र लिहायला बसलो. मायना लिहिला. फाडलं.

३० मे

नायर आला. जानेवारीपासून बोललो नव्हतो. त्याची बायको म्हणते, महिनाभर आमच्याकडं राहा, पोरीचं शाळेचं नाव घाला, पत्ता आमचा द्या. हॉस्पिटलात आया भरताहेत, सुमनसाठी विचारते.

बघू म्हणालो. नीट बोलायला हवं होतं. जमलं नाही.

५ जून

वही तुर्भ्याला पडवीत राहिली. वजनाच्या चिठ्ठीमागं लिहितोय, नंतर डकवीन.

एसटी दोनला आली. पोतं, वळकटी, नंदी. सुमन वाळलीय. नायरच्या घरचं सांगितलं, तुर्भ्याच्या पडवीचं सांगितलं. ऐकून घेतलं. 'आधी आपलं घर दाखवा,' म्हणाली. आपलं नाही ते आता, म्हटलं. 'दाखवा तर.'

तिसरा मजला. दार वाजवलं. सुनेनं फट उघडली, बघितलं, कडी लावली. मी म्हटलं चल. सुमन जिन्यावरच बसली, पोतं टेकून. तासभर. वरखाली जाणारे बघत होते, मला मेल्याहून मेल्यासारखं. नंदीला तहान लागली. सुमननं पुन्हा दार वाजवलं. 'पोरीला पानी दे गं. एवढं तरी देशील.'

सून एकटीच होती घरात. गावचीच लेक, सुमनच्या हाताखाली भात लावलेला तिनं. दार उघडलं. तांब्या पुढं केला.

सुमननं तांब्या नंदीकडं दिला आणि पोतं उचलून सरळ आत गेली. आतल्या खोलीत. सून नुसती बघत राहिली. मग दार लोटून न घेता तीही आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येतोय. दोघी काहीतरी बोलताहेत, मला ऐकू येत नाही.

मला हाक मारली सुमननं, दोनदा. मी अजून जिन्यावर.

आण्णांची टोळी साडेपाचला सुटते. पावणेसहा झालेत. खालून कुणीतरी चढतंय.