नलूची कवळी

१ नोव्हेंबर २००६, बुधवार

तिसरा दिवस. नलूनं आजही ताट ढकललं. दीपा — आश्रमातली कामवाली पोरगी — म्हणे, "आजी, तिले जेवाचंच नाही. म्हातारं मानूस असंच करते." मी म्हटलं, तू किती म्हाताऱ्या पोचवून आली वं?

रविवारी रात्री शीला वारली, सोमवारपासून हिनं जेवण सोडलं. मॅनेजर चंद्रशेखर म्हणतो, मैत्रीण गेली, मन खचलं. अर्धांगानं नलूची वाचा गेली, भूक नाही गेली. माझ्या भाकरीकडे कशी पाहून राह्यली होती — बाजूच्या खाटेवरून मले दिसते. यायले दिसत नाही.

२ नोव्हेंबर

मॅनेजर दारातूनच बोलला. "आजी, यांना सोमवारी मागच्या खोलीत हलवू. तिथं शांतता असते."

शांतता! त्या खोलीत चार जणी जाताना पाहिल्या मी. परत येताना एकही नाही. म्हटलं, "डॉक्टर काहून बोलावत नाही?"

"डॉक्टर पंधरा तारखेला येतात."

म्हणजे नेरच्या या वृद्धाश्रमात बिमार पडाचं तर पंधरा तारखेलेच पडा.

३ नोव्हेंबर

वरणात भाकरी कुस्करली अन् मीच भरवाले बसली. पहिला घास घेतला अन् नलू कळवळली. डोळ्यातून पाणी. बोट घालून पाहिलं — कवळी गदगद हालते, हिरडी सोलून निघालेली. नलूचं तोंड एवढंसं. ही कवळी रुंद. ही तिची नाहीच!

दीपाले हाक मारली. "हे दात कुठून आणले?"

"टपातून, आजी."

कारभार असा. संध्याकाळी साऱ्यायच्या कवळ्या गोळा करते, एकाच टपात सोड्याच्या पाण्यात टाकते, सकाळी अंदाजानं वाटते. ज्याले बोलता येते तो वरडते, बदलून घेते. नलू कशी वरडन? लग्नघरी चपलासुद्धा लोक ओळखून घालतात. इथं दात ओळखाले कोनी नाही.

४ नोव्हेंबर

टप उचलला अन् मॅनेजरच्या टेबलावर आपटला. पाणी त्याच्या कागदावर सांडलं. सांडू दे.

"आजी, तुम्ही आराम करा."

म्हटलं, "आराम कराले नाही आली. पोरानं आणून सोडली म्हणून आली. तुमच्या मायचे दात असे वाटान काय?"

कागद झटकत म्हणे, "शोधा तुम्हीच."

शोधले. एकेकाचं तोंड उघडून पाहिलं. पुरुषांच्या खोलीतले बापूजी म्हणे, "काय वं, डॉक्टरीण झाली काय?" मी म्हटलं, तोंड उघड, बोलू नको. बाकी साऱ्यायच्या तोंडात ज्याचे त्याचेच दात. टपात एकही कवळी उरली नाही. मग नलूची गेली कुठं?

५ नोव्हेंबर, रविवार

ती कवळी काढूनच टाकली. पातळ पेज केली, केळं कुस्करलं. नलूनं अर्धी वाटी खाल्ली. दीपाले साक्षीले उभी केली, मॅनेजरले सांगाले पाठवलं — जेवते म्हणा. मागची खोली रद्द.

दीपा परत आली अन् खाली मान घालून उभी. "आजी, मले कोनी शिकवलंच नाही. मी कापूस वेचाले जात होती. भाव पडला, मजुरी तुटली, म्हणून इथं आली."

तिले तरी काय बोलावं. तरी बोलली.

६ नोव्हेंबर

शीलाची पोरगी तिचं लुगडं-चष्मा न्यायले आली. रडत म्हणे, "आईचा चेहरा शेवटी किती भरलेला दिसत होता. कोनी तयार केलं तिले?"

मीच केलं. त्या पहाटे लाईन गेलती. शीलाले आंघोळ घातली, अन् पोरगी यायच्या आधी गाल बसलेले दिसू नये म्हणून अंधारात टपात हात घातला. हाताले लागली ती कवळी तिच्या तोंडात बसवली. तिची स्वतःची टपातच राह्यली.

पोरीले नाही सांगतलं. नलूले सांगतलं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. पेजेची वाटी हातात घेऊन बसली आहे मी.