पाचच्या बसमधली चार माणसं

३ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

वाहतूक कचेरीतल्या आमच्या नव्या खोलीत भिंतभर नकाशा आहे. शहर आणि भोवतालच्या वस्त्यांतल्या बस, रेल्वे, होड्या त्यावर मुंग्यांसारख्या सरकतात. रोज ऐंशी लाख माणसं घराबाहेर पडतात आणि चक्क पोचतातही! मी आ वासून बघत राहते, साहेब हसतात.

पेपरात वाचण्याआधी माझ्याकडूनच ऐका. तुम्ही तीस वर्षं चालवलेली, टेकडीवरून इस्पितळाला जाणारी पहाटे पाचची बस मी बंद करतेय. तिकिटाच्या मशीनच्या नोंदीप्रमाणे तीत सरासरी चारच माणसं असतात, आणि तिकडे नव्या वसाहतीत लोक बसच्या दाराला लोंबकळतात. पंधरा तारखेला हुकमावर सही आहे. रागावू नका.

तुमची लाडकी (अजून असेन तर),
चिमी

६ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही, चाट पडलो. चार? अगं, त्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते! इस्पितळातल्या सफाईवाल्या, नर्सबाया, कपडे धुणारे. सगळे पासवाले. एकेकाने पास मशीनला लावायचा म्हणजे दारात खोळंबा आणि सहाची हजेरी हुकणार. म्हणून मी मशीनवर हात ठेवून म्हणायचो, चढा, ओळखतो मी तुम्हाला. माझ्या हाताखाली शिकलेले ड्रायव्हर आजही तेच करतात. तुला दिसतात ती चार माणसं तिकीट काढणारी, नवखी.

म्हणजे घोळ माझाच. चांगुलपणा म्हणून मिरवला, आणि तुझ्या हिशेबातून त्यांना मीच पुसून टाकलं. माझ्यावर विसंबू नकोस, स्वतः जाऊन मोज. आई म्हणते, स्वेटर घाल.

तुझा सेवानिवृत्त अपराधी,
बाबा

१२ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

गेले, मोजलं. त्रेसष्ट! सगळे इस्पितळापाशी उतरले आणि मी समोरच्या फुटपाथवर उभी राहिले. दहा मिनिटांत एकेका मजल्यावर दिवे लागत गेले. फरशा पुसल्या जाणार, चादरी बदलणार, तेव्हा कुठे आठची ऑपरेशनं. केवढा हा पसारा, आणि पाचच्या एका बसवर उभा! अंगावर काटा आला, बाबा. भिंतीवर इतके दिवस बघत होते ते काहीच नाही.

बस बंद होत नाही. वसाहतीसाठी दुसऱ्या मार्गावरची खरोखरच रिकामी धावणारी (स्वतः मोजून पाहिली!) गाडी काढली. पास लावून घ्यायचं ड्रायव्हरकाकांनी कबूल केलंय, मागच्या दारालाही मशीन बसवतोय.

पण गेल्या वर्षी अशाच नोंदींवर मी पहाटेच्या आणखी दोन बस बंद केल्या होत्या. एकही तक्रार आली नाही म्हणून खूश होते. उद्या पाचला त्या रस्त्यांवर जाऊन उभी राहणार आहे, कोण चालत जातंय ते बघायला.

आशीर्वाद असू द्या, या खेपेला जरा जास्त लागतील.

चिमी