सुखाचं अक्षर

प्रिय चिगुसा,

तुझी आजी आहे तशीच आहे. भरवायला गेलं की तोंड फिरवते आणि पाच मिनिटांनी, "युकी, उपाशी मारतेस का गं मला?" म्हणून दुकानापर्यंत ऐकू जाईल असं ओरडते. सोयाबीनचं मिसो घ्यायला आलेलं गिऱ्हाईक हसतं, मीही हसते. दुसरं काय करणार?

पण ही युकी कोण, ते तुला मी कधी सांगितलंच नाही. माझं नाव साची. चोवीस वर्षं मी साचीच होते. लग्न होऊन या घरात आले त्याच दिवशी तुझी आजी म्हणाली, "साची मी आहे. एका घरात दोन कशाला? तुझं अक्षर युकी असंही वाचतात ना? मग झालं तर." आजीचं नाव साध्या कताकाना लिपीत लिहिलेलं, ते दुसरं काही वाचताच येत नाही. माझं 幸, सुखाचं अक्षर. साची वाचा, युकी वाचा, ते बिचारं तक्रार करत नाही. तुझे बाबा दाराकडे बघत बसले. मला वाटलं, अक्षर तर तेच राहतंय, उगाच वाद कशाला? शाळेत आमचे हात्तोरी मास्तर म्हणायचे, काही पंडितांच्या मते हे अक्षर मुळात हातबेडीचं चित्र आहे. तेव्हा सगळा वर्ग मला हसला होता.

या गोष्टीला चौतीस वर्षं झाली. मग पालिकेचं कार्ड आलं. आजवर कुटुंबनोंदीत नुसतं अक्षर होतं, आता उच्चारही चढणार. तुमचा 'युकी' असा धरलाय, चूक असेल तर कळवा. मला इतका आनंद झाला की कार्ड तांदळाच्या डब्यात लपवलं. मंगळवारी शेजारच्या कुसाकाबेबाईंना आजीपाशी बसवलं, लिपस्टिक लावली, आरशासमोर "साची, साची" म्हणून पाहिलं आणि पालिकेत गेले. खिडकीतल्या मुलीनं हाक मारली, "युकीबाई?" मी "हो" म्हणून उठले. तिनं अर्ज पुढं केला, "उच्चार इथं लिहा." पार्सलवाल्याच्या कागदावर लिहिते तसं मी झरझर लिहिलं. युकी. तिनं शिक्का मारला. बसमध्ये बसल्यावर माझ्या लक्षात आलं. आता बदलायचं तर कोर्टात जायचं. आजीला कुणावर टाकून जाऊ? आणि तिथं काय सांगू, माझ्याच हातानं लिहिलं म्हणून? बसमध्ये मी रडले गं, लोकांसमोर.

काल तू फोनवर म्हणालीस, "आई, होणाऱ्या मुलीला तुझं अक्षर देतोय, माझ्या सासूबाईंनाही पसंत आहे." मी "बरं" म्हणाले. ते "बरं" परत घ्यायला हे पत्र. नको देऊस. नाव कुठलंही ठेवा, पण साध्या हिरागाना लिपीत ठेवा, शेंबड्या पोरालाही एकाच तऱ्हेनं वाचता येईल असं. सासूबाई नाक मुरडतील, मुरडू देत. मी जन्मभर "बरं" म्हटलं. तू म्हणू नकोस.

तुझीच आई,
साची