दवाखान्याचा फोटो

तीर्थरूप आईस, लांबूनच पाया पडतो.

मी मजेत आहे. बेकरीतलं काम आता अंगवळणी पडलंय. तुझा गुडघा काय म्हणतो?

तू पाठवलेला नव्या दवाखान्याचा फोटो मी इथे राहण्याचा परवाना देणाऱ्या साहेबांना कौतुकाने दाखवला. तिथेच चुकलो. ते म्हणाले, "हा आमच्याच देशाच्या मदतीतून बांधलाय. तुमच्याकडे सुधारणा झाली, आता परत जायला हरकत नाही." पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय.

दवाखान्याची मागची भिंत गोळ्यांनी चाळण झालीय, असं धाकटीने कळवलं. मला घोर नको म्हणून तू ती फोटोत घेतली नाहीस ना?

साहेबांना दाखवायला त्याच भिंतीचा फोटो मागावा म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. पण तो काढायला तिथे तुम्हा दोघींपैकीच कुणाला तरी जावं लागेल.

राहू दे. गुडघा शेकत जा.

तुझा,
थोरला