तुझ्या नडगीतली पट्टी

प्रिय शंकरची माय हिस,

तिकडे सगळे कसे आहेत? माझ्या आईचा दमा बसला का? बाबांच्या डोळ्यांचं पाणी थांबलं का? तुझी बहीण यंदाच तिकडे आली, ती रमली का? तुझं शेवटी विचारतो, कारण तू खरं सांगत नाहीसच.

इथे जीव टांगणीला लागला, म्हणून लिहायला बसलो. आपला शंकर कापसाच्या बैलबंडीवरून घसरला आणि चाक त्याच्या नडगीवरून गेलं. हाड कातडी फाडून बाहेर आलं. तुझा पाय मोडला तेव्हा तुला नेलं होतं त्याच इस्पितळात नागपूरला नेलं. डाक्तर म्हणाले, चिरून आत पोलादाची पट्टी बसवावी लागेल.

सून सुमन तू गेल्यावर घरात आली. तिला काय ठाऊक? ती आडवीच आली. "मामंजी, पायात लोखंड घालून माणूस चालते का कधी?"

मी सदऱ्याच्या खिशातून तुझी पट्टी काढली. हो, तुझीच. तुझी राख सावडताना नडगीच्या जागी निघाली होती, काळी पडलेली. तुझा भाऊ म्हणाला होता, "भाऊजी, हे पण धाम नदीत सोडा. तिचं काही मागं ठेवू नका." पवनारच्या घाटावर अस्थी सोडल्या, पट्टी मात्र हातातून सुटली नाही.

सुमननं ती तळहातावर तोलली. "एवढीशीच? याच्यावर आत्याबाई चालत होत्या?"

"दोन घागरी घेऊन चालायची. वरून मले म्हणे, लोखंडाची बायको भेटली, आता तरी भ्या."

पोरगी हसली, मग रडली, मग हो म्हणाली.

पट्टी बसली, पण जखम चिघळली. पेन्सिलिनच्या सुयांनी ताप उतरला. तरी मी सारखा त्याची बोटं हलतात का पाहत असतो. तुझ्या वेळी तू चिडायचीस, "काऊन पाहून राह्यले? पळून नाई जात ते." आता पोरगाही तेच म्हणतो.

डाक्तर म्हणतात, पट्टी नुसती धरून ठेवते, जुळायचं काम हाडाचं. उद्या पलस्तर काढतील तेव्हा कळेल. नाही जुळलं तर पाय काढायची भाषा आहे. आणि सुमनला दिवस गेलेत गं.

शंकर आपल्या पायानं घाट उतरला, की तुझी पट्टी त्याच्याच हातानं धामेत सोडवीन. मग तू मोकळी. उद्यापुरती राहू दे, मला काहीतरी धरायला हवं.

उत्तर लवकर धाड. लिहायचा तुला पहिल्यापासून कंटाळा. स्वप्नात येऊन नुसती मान हलवलीस तरी चालेल.

तुझाच,
शंकरचा बाप