आईला नदीकाठावर उभे न करण्याबाबत

प्रति,
मा. मृदसंधारण अधिकारी,
जिल्हा कृषी भवन, जिन्याखालची खोली.

विषय : काठ संरक्षण योजनेतील छायाचित्राच्या अटीतून माझ्या आईला सूट मिळणेबाबत.
संदर्भ : आपले दिनांक ६ ऑगस्टचे पत्र.

महोदय,

मी व्यवसायाने शिंपी आहे. संदर्भीय पत्र आल्यापासून मला सुईत दोरा ओवता येत नाही. अर्जास विलंब झाला तो त्यामुळे. क्षमा असावी.

१. आमचे शेत नदी खात आहे. दोन वर्षांपूर्वी घरापासून काठ नव्वद पावलांवर होता, आज एकतीस पावलांवर आहे. जिल्ह्यात अशा जमिनींसाठी सरकारी मदत आहे, एवढे ऐकून बाबांनी शोध सुरू केला. कृषी कार्यालय म्हणाले, पाणी आमच्याकडे येत नाही. पाटबंधारे कार्यालय म्हणाले, माती आमच्याकडे येत नाही. वन कार्यालयाने काठावर झाडे आहेत का, असे विचारले. होती ती वाहून गेली म्हटल्यावर त्यांचा विषयच मिटला. चौदा महिने उंबरठे झिजवल्यावर जिल्ह्यातील योजनांची यादी आपल्याच खोलीत, कपाटामागच्या भिंतीवर चिकटवलेली सापडली. कपाट बाबांनीच सरकवले. यादी वाचून होताच आपले लिपिक म्हणाले, "आजोबा, कपाट होतं तिथं ठेवा आता." बाबांनी ठेवले.

२. योजनेची नववी अट अशी : जमीनधारकाचे बाधित काठावर उभे असलेले छायाचित्र, चेहरा व पाणी दोन्ही स्पष्ट. पहिले छायाचित्र 'चेहरा अस्पष्ट' म्हणून बाद होऊन आपल्या दप्तरातच राहिले, दुसरे 'पाणी दिसत नाही' म्हणून. लिपिकांनी मला समजावून सांगितले, "अहो, म्हाताऱ्याला एक पाऊल मागं घ्यायला सांगा. एका पावलानं काय होतंय?"

३. १९ जुलै रोजी मी बाबांना एक पाऊल मागे घ्यायला सांगितले. त्यांनी घेतले. चेहरा आला, पाणीही आले, आणि छायाचित्र निघताक्षणी काठ गेला. बाबा दोन दिवसांनी पुलाच्या खांबाशी सापडले. शब्द माझे होते, पाऊल बाबांचे होते आणि अट आपली होती. दोष कोणाचा हे ठरवण्याचा मला अधिकार नाही, तरी मी दुसरे काहीच करीत नाही.

४. ते छायाचित्र मी आपल्याकडे जमा केले. स्वतःची किळस आली, पण बाबांची खटपट पाण्यात जाऊ नये असे वाटले. त्यावर 'छायाचित्र समाधानकारक' असा शेरा मिळाला. बाबांच्या पदरात आपल्या कार्यालयाकडून पडलेला हा एकमेव चांगला शब्द. त्यानंतर ते छायाचित्र परत जोडून संदर्भीय पत्र आले, की धारक हयात नसल्याने प्रकरण बंद करण्यात आले आहे, जमिनीला आता आईचे नाव लागले आहे, सबब नवीन धारकाचे छायाचित्र तीस दिवसांत सादर करावे.

५. आई एकाहत्तर वर्षांची आहे आणि गुडघ्यांमुळे भिंत धरून चालते. तिच्याऐवजी मी उभा राहतो, असे मी म्हटले. लिपिक म्हणाले, "तुमचं नाव उताऱ्यावर कुठाय?" मग आपणच येऊन काठ पाहावा, अशी विनंती केली. त्यावर मला एक परिपत्रक दाखवण्यात आले : सदर काठ धोकादायक असल्याने कोणत्याही कर्मचाऱ्याने तेथे जाऊ नये. खाली सही आपली आहे, साहेब. तारीख २ जुलैची आहे.

६. आपले पत्र मी आईपासून लपवले होते. तिने ते शोधून शेजारणीकडून वाचून घेतले. माझ्यावर ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. आता रोज सकाळी ती केस विंचरून दारात बसते आणि विचारते, "तुझ्या बाबांना नेमकं कुठं उभं केलं होतंस?" मी जागा सांगत नाही. ती म्हणते, तू नाहीस तर दुसरा कोणी काढेल फोटो, पण घर राहिलं पाहिजे. मुदत ५ सप्टेंबरला संपते. तोवर मी दुकान बंद ठेवून तिच्यावर पहारा करीत आहे.

तरी आईला सूट द्यावी. ते नियमात बसत नसेल, तर योजना राहू द्या, पण तसे तिला आपल्या सहीने कळवावे. माझ्यावर तिचा विश्वास उरलेला नाही.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
(सही)
मयत धारकाचा मुलगा
दिनांक : १९ ऑगस्ट

सोबत :
१) मृत्यूचा दाखला.
२) आईच्या गुडघ्यांबाबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र.
३) समाधानकारक ठरलेले छायाचित्र. (काम झाल्यावर परत मिळावे. घरात बाबांचे दुसरे छायाचित्र नाही.)