पहिले दीडशे किलोमीटर

१० फेब्रुवारी, सोमवार
गाडीचे दोन्ही टायर बदलले. एकदाचा विषय मिटला. बायको दोन वर्षं मागे लागली होती की टायर गुळगुळीत झालेत, बदला. मी म्हणायचो, अजून एक सीझन निघेल. ११ जानेवारीला वळणावर गाडी घसरली, हिचं डावं मनगट मोडलं, आणि प्लास्टर घालून ही मोठ्या बहिणीकडे गेली ती गेलीच. म्हणजे मूळ कारण टायर. आता कारणच उरलं नाही.

संध्याकाळी साडूंचा फोन. २२ तारखेला, शनिवारी, अकरा वाजता तिकडच्या डॉक्टरकडे प्लास्टर काढणार. हिचा निरोप: "यायचं असेल तर या." याचा अर्थ नक्की या. वीस वर्षांच्या संसारात एवढं कळतं.

ठरलं. २२ ला जायचं, हिला मागे बसवून घरी आणायचं.

मिस्त्री म्हणाला, साहेब, नवीन टायरवर कारखान्यातलं मेणासारखं काहीतरी असतं, ते झिजेपर्यंत ग्रिप येत नाही. पहिले दीडशे किलोमीटर सांभाळून. जोरात ब्रेक नाही, वळणावर गाडी झुकवायची नाही. मला सांगतोय! मी सेफ्टी सुपरवायझर आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार
प्लॅन: रोज साडेबारा किलोमीटर, बारा दिवस, बरोबर दीडशे. तक्ता करून फ्रिजवर लावला.

आज १२. वेग पंचवीस. एका सायकलवाल्या आजोबांनी ओव्हरटेक केलं आणि मागे वळून पाहिलं. त्यांना टायरमधलं काय कळणार.

कारखान्यात फळ्यावर 'अपघाताविना दिवस: २१३' लिहिलं. आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना, कटिंग मशिनं भयंकर, तरी २१३. जानेवारीत एकाने चेष्टेत विचारलं होतं की वहिनींचा अपघात धरायचा का. गेटबाहेरचे अपघात धरत नाहीत. नियम मीच केलाय.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
एकूण २३. काल पाहुणे आल्यामुळे गाडी निघाली नाही. (पाहुणे म्हणजे मीटर वाचणारा. पण वेळ गेलाच.)

वळणं टाळतोय. आमच्या गल्लीपासून कारखान्यापर्यंत पाच वळणं. तिथे उतरून गाडी हाताने वळवतो. समोरच्या वहिनींनी गॅलरीतून विचारलं, गाडी बंद पडली का? म्हटलं, नाही, टायर नवीन आहेत. मग विचारलं, ती कधी येणार? बावीसला, असं ठणकावून सांगितलं.

नव्या टायरला रबराचे बारीक केस असतात. मधले झिजले, कडेचे तसेच आहेत.

रात्री भात लावला. खालून लागला. वरचा खाल्ला.

१५ फेब्रुवारी, शनिवार
एकूण ४१. तक्त्यापेक्षा थोडा मागे आहे, पण दर्जा चांगला आहे.

साडू फोनवर म्हणाले, आजच जेवायला या की. त्यांना टायरची अडचण नीट समजावून सांगितली. ते म्हणाले, "अहो साडूबुवा, आमचं घर सत्तर किलोमीटर. हळूहळू आलात नि गेलात तर तुमचे दीडशे इथेच होतात की." साडू स्वभावाने चांगले आहेत, पण चारचाकीवाले. तांत्रिक बाबतीत शून्य.

मग त्यांनी फोन हिच्याकडे दिला. मी म्हटलं, दोन्ही टायर बदलले. ही म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही आधी गाडी उचललीत."

मी शांतपणे सांगितलं की पेट्रोल गळत होतं. आग लागली असती. कोणत्याही जबाबदार माणसाने तेच केलं असतं. सांगता सांगता फोन कट झाला. त्यांच्याकडे नेटवर्कचा त्रास आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
एकूण ७४. हिच्यासाठी हेल्मेट आणलं. माप माहीत नव्हतं. दुकानदाराने डोकं केवढं म्हणून विचारलं, तेव्हा मी हाताने दाखवलं. मग हात तसेच धरून बराच वेळ उभा होतो. तो म्हणाला, मीडियम देऊ?

घरी हिची चप्पल अजून दारातच आहे. झाडताना उचलतो, परत तिथेच ठेवतो. या घरात माझं मन रमत नाही, हे इथे लिहायला हरकत नाही, कोण वाचतंय.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार, संध्याकाळ
एकूण १०९. उरलेले एक्केचाळीस उद्या वाटेत होतील. (साडूंचं म्हणणं आणि हे वेगळं आहे.)

गाडी धुतली. टायर मळकट दिसत होते. हिला लांबूनच नवीन दिसायला हवेत. टायर चमकवायचा स्प्रे आणला, दोन्ही टायरना सगळीकडून मारला. आरशासारखे झाले. डब्यावर बारीक अक्षरात बऱ्याच सूचना होत्या. पहिल्या तीन वाचल्या. बाकीच्या अडाणी लोकांसाठी असतात.

काय बोलायचं ते ठरवलं: "चल, घरी जाऊ. टायर बदललेत." छोटं आणि मुद्देसूद.

२२ फेब्रुवारी, शनिवार, सकाळी ८
निघतो. हेल्मेट मागच्या सीटला बांधलं. आकाश स्वच्छ, रस्ता कोरडा. आज कुठेही उतरून गाडी वळवायची नाही. रुबाबात जायचं.

२२ फेब्रुवारी, दुपारी ३
चौथ्या किलोमीटरला पडलो. पाण्याच्या टाकीजवळचं साधं वळण. वेग तीस. गाडी जरा झुकवली आणि चाकं साबणावरून जावीत तशी निघून गेली.

डावं मनगट. तिकडे अकरा वाजता हिचं प्लास्टर निघालं, इकडे सव्वाअकराला माझं घातलं.

हे लिहून ठेवतो. मी रस्त्यावर पडलो होतो. हात धरून बसलो होतो. टपरीवरून तिघे धावत आले. तिघांनी आधी गाडी उचलली. एकाने चावी बंद केली. एकाने आरसा सरळ केला. तिसरा टायरला हात लावून म्हणाला, नवीन दिसतात. मग एकाने वळून विचारलं, "काका, लागलं का?"

अर्धं मिनिट झालं असेल. फार मोठं असतं अर्धं मिनिट.

११ जानेवारीला मी गाडी उचलली. स्टँडला लावली. रुमालाने टाकी पुसली. इंडिकेटर चालतो का ते दोनदा पाहिलं. ही रस्त्यावर हात धरून बसली होती आणि माझ्याकडे पाहत होती. हाक मारली नाही तिने. नुसती पाहत होती.

पेट्रोल गळत नव्हतं.

त्या तिघांनीच मिस्त्रीला फोन केला होता. तो आला, टायरवर बोट फिरवलं, वास घेतला. म्हणाला, "साहेब, जिथे चाक रस्त्याला टेकतं तिथे हे मारायचं नसतं हो." आणि गाडी घेऊन गेला.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळी ५
साडूंना फोन केला. ते म्हणाले, डॉक्टरकडचं काम पंधरा मिनिटांत झालं, पण ही तिथेच बाकावर बसून राहिली. घरी चल म्हटलं तर म्हणाली, थांबू थोडं. दीड वाजता स्वतःच उठली.

मी फोन द्या म्हटलं. पडल्याचं सांगितलं. हिने विचारलं, "फार लागलं का?" म्हटलं, मनगट. मग विचारलं, "आणि गाडी?"

टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. एखाद्याच्या घरच्यांची चौकशी करावी तसं विचारलं.

पेट्रोल गळत नव्हतं, एवढंच सांगायचं होतं. चार शब्दसुद्धा नाहीत. ओठावर आलं होतं. मी म्हटलं, "गाडी ठीक आहे. टायर नवीनच आहेत."

ही म्हणाली, "बरं झालं." आणि फोन ठेवला. नेटवर्क चांगलं होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार
साडू गाडी घेऊन आले. एकटेच. हिच्या अक्षरात चौदा वस्तूंची यादी. साड्या, चष्म्याची जुनी केस, शिवणाचा डबा. मी एका हाताने काढून देत होतो, ते बॅगेत भरत होते. चप्पल यादीत नव्हती, पण त्यांनी दारातून जाताना उचलली. हेल्मेट पुढे केलं तर म्हणाले, "राहू द्या साडूबुवा. ती आता बसनेच फिरणार."

मग त्यांनी मला चहा करून दिला आणि कप विसळून गेले.

२४ फेब्रुवारी, सोमवार
कामावर गेलो. बसने. सगळे आधी माझ्या प्लास्टरकडे आणि मग फळ्याकडे बघत होते. खडू घेतला. जुना आकडा पुसून शून्य लिहिलं.

दहा मिनिटांत मॅनेजरने बोलावलं. म्हणाला, या आठवड्यात इन्स्पेक्शन आहे, हे काय केलंत? गेटबाहेरचे अपघात आपण धरत नाही ना?

धरत नाही. नियम माझाच आहे. पुसलं आणि २२६ लिहिलं.